बर्टा गाइस्मार : एका ऑर्केस्ट्राच्या व्यवस्थापिकेचं निर्वासन



या मालिकेत मी बहुतेक वेळा लढाया, सेनापती आणि नकाशे घेऊन तुमच्यासमोर येतो. आज ज्या बाईंबद्दल बोलणार आहे त्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नाही. व्हायोलिनही त्या व्यासपीठावर बसून वाजवत नसत. त्यांचं काम पडद्यामागचं. तरीही १९३३ नंतरच्या जर्मनीत एक राज्ययंत्रणा माणसाला टप्प्याटप्प्याने कसं बाहेर ढकलते, हे समजून घ्यायला यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. बाईंचं नाव डॉ. बर्टा गाइस्मार. बर्लिन फिलहार्मोनिक या जगप्रसिद्ध ऑर्केस्ट्राचे दौरे त्या सांभाळत. त्या ज्यू होत्या.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीच्या मांडवातली हिंदी-मराठी गाण्यांची रात्र डोळ्यांसमोर येते. युरोपातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हणजे शंभराच्या आसपास वादकांचा पक्का संच. व्हायोलिन, चेलो, बासऱ्या, पितळी वाद्यं, नगारे, आणि समोर हातात छडी घेतलेला संचालक, म्हणजे कंडक्टर. लोकांना दिसतो तो कंडक्टर. पण शंभर माणसं, त्यांची नाजूक वाद्यं, पासपोर्ट, रेल्वेचे डबे, हॉटेलं, सभागृहाचे करार, प्रत्येक देशातलं चलन आणि वादकांचे रुसवेफुगवे हे सगळं कोणीतरी सांभाळावं लागतं. फौजेतल्या माणसाला हे लगेच कळतं. एक कंपनी एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात हलवायची तर ॲडव्हान्स पार्टी कोण, सामान कोणत्या डब्यात, जेवण कुठे, हे ठरवता ठरवता ॲड्जुटंटची झोप उडते. हीच कसरत बर्टाबाई दर हंगामात, अनेक देशांच्या सीमा ओलांडून करत होत्या.

मानहाइमची मुलगी

बर्टा गाइस्मार यांचा जन्म १८९२ चा, मानहाइम शहरातला. हे शहर ऱ्हाईन नदीच्या काठी आहे. अठराव्या शतकात इथल्या दरबारी वाद्यवृंदाने सगळ्या युरोपला शिस्तबद्ध वादनाचा धडा दिला होता. तरुण मोझार्टही तिथे काही महिने राहून गेला. अशा गावात बर्टाचे वडील वकील होते आणि घरात संगीताचं वेड होतं. वडील स्वतः हौशी वादक, घरी स्ट्राडिव्हेरियस जातीचं व्हायोलिन. जर्मनीतल्या सुशिक्षित ज्यू घरांचं हे नेहमीचं चित्र होतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली, गटे आणि बेथोव्हेन आपलेच मानणारी, स्वतःला आधी जर्मन समजणारी ही माणसं.

पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यात होते आणि त्यातले सुमारे १२ हजार कामी आले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९१५ साली मानहाइमच्या ऑपेरात एक नवा कंडक्टर आला. विल्हेल्म फुर्टवेंगलर. वय अवघं २९. गाइस्मारांच्या घरी त्याचं जाणं-येणं सुरू झालं. बर्टा त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी. पुढे तिने याच विषयात डॉक्टरेट घेतली. फुर्टवेंगलर संगीतात जितका मोठा, तितकाच व्यवहारात गोंधळलेला. पत्रांना उत्तरं देणं, तारखा जुळवणं, नको त्या माणसाला नाही म्हणणं हे त्याला जमत नसे. ते बर्टाला सहज जमे. मैत्रीतून मदत सुरू झाली आणि मदतीतून आयुष्यभराचं काम उभं राहिलं.

१९२२ मध्ये आर्थर निकिश हा थोर कंडक्टर वारला आणि त्याच्या जागी बर्लिन फिलहार्मोनिक फुर्टवेंगलरकडे आली. लाइपझिगचा ऑर्केस्ट्राही त्याच्याकडेच. पुढे व्हिएन्नाची भर पडली. बर्टाबाई बर्लिनला गेल्या.

मालक कोण?

बर्लिन फिलहार्मोनिकचा जन्म एका बंडातून झाला. १८८२ साली बेन्यामिन बिल्झ नावाच्या मालकाने आपल्या वादकांना वॉर्सॉच्या दौऱ्यावर रेल्वेच्या चौथ्या वर्गाने पाठवायचं ठरवलं. वादक भडकले. ५४ जण बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संस्था काढली. मालक कोणी नाही, भागधारक स्वतः वादकच. कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, हे तेच ठरवणार.

हा मोठा अभिमानाचा मुद्दा होता, पण पैशांचा मेळ कधीच नीट बसला नाही. १९२३ च्या महागाईत जर्मन नोटांची किंमत रद्दीइतकी झाली. त्यानंतर नगरपालिका आणि सरकार यांच्या अनुदानावर गाडा चालायचा. अशा वेळी परदेश दौरे ही ऑर्केस्ट्राची मोठी ताकद ठरली. १९२७ च्या अखेरीस हा ऑर्केस्ट्रा फुर्टवेंगलरबरोबर प्रथम इंग्लंडला गेला. महायुद्ध संपून जेमतेम नऊ वर्षं झाली होती. ज्यांची मुलं जर्मन गोळ्यांनी मेली, त्या लंडनकरांसमोर जर्मन वादक वाजवणार. असे दौरे नुसत्या तिकीटविक्रीवर उभे राहत नाहीत. त्यासाठी दूतावास, वर्तमानपत्रं, स्थानिक संस्था, श्रीमंत रसिक यांच्याशी वर्षानुवर्षं जपलेले संबंध लागतात. ते संबंध बर्टाबाईंच्या वहीत आणि डोक्यात होते.

१९३३

३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. मार्चमध्ये ब्रुनो वॉल्टर या ज्यू कंडक्टरचे लाइपझिग आणि बर्लिन इथले कार्यक्रम धाकदपटशाने बंद पाडले गेले. बर्लिनच्या कार्यक्रमात त्याच्या जागी रिचर्ड स्ट्राउस उभा राहिला. ७ एप्रिलला सरकारी नोकरांबाबतचा नवा कायदा आला. ज्याचे आजी-आजोबा ज्यू, तो सरकारी नोकरीतून बाहेर.

आता तो मघाचा आकडा आठवा. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग हा जुना सेनानी. त्याच्या आग्रहामुळे आघाडीवर लढलेल्या ज्यू माजी सैनिकांना या कायद्यातून सूट मिळाली. १९३५ मध्ये तीही गेली. म्हणजे ज्या देशासाठी हात-पाय गमावले, त्याच देशाने दोन वर्षांत कृतज्ञतेचा हिशेब बंद केला.

बर्लिन फिलहार्मोनिक कागदोपत्री वादकांची खासगी कंपनी होती, त्यामुळे हा कायदा तिला थेट लागू होत नव्हता. या फटीचा फुर्टवेंगलरने उपयोग केला. ऑर्केस्ट्रात शिमोन गोल्डबर्ग हा प्रमुख व्हायोलिनवादक, योझेफ शुस्टर आणि निकोलाय ग्राउडान हे चेलोवादक, गिल्बर्ट बाक हा व्हायोलिनवादक, असे ज्यू वादक होते. कार्यालयात बर्टाबाई होत्या. फुर्टवेंगलरने गोबेल्सला पत्र लिहिलं आणि ते एप्रिलमध्ये वर्तमानपत्रांत छापून आलं. कलेत चांगलं आणि वाईट एवढाच भेद मला मान्य आहे, असा त्याचा आशय. त्या दिवसांत हे लिहिणं धाडसाचं होतं. पण त्याच पत्रात एक धोकादायक सवलतही दडलेली होती. खरे कलावंत वाचवा, असं म्हटलं की जे तितके मोठे नाहीत त्यांचं काय करायचं, हा प्रश्न सरकारच्या हाती जातो.

त्याच महिन्यात, २६ एप्रिलला, मानहाइममध्ये बर्लिनचा आणि स्थानिक ऑर्केस्ट्रा यांचा एकत्र कार्यक्रम होता. स्थानिक मंडळींनी मागणी केली की पहिल्या खुर्चीवर ज्यू नको, गोल्डबर्गला मागे बसवा. फुर्टवेंगलरने साफ नकार दिला. गोल्डबर्ग आपल्या जागीच बसला. कार्यक्रमानंतर सन्मानाची मेजवानी होती. फुर्टवेंगलर तिकडे फिरकला नाही. ती संध्याकाळ त्याने बर्टाबाईंच्या आईच्या घरी काढली. ज्या गावात बर्टाबाई वाढल्या, त्याच गावात हे घडलं. आपल्याच गल्लीतली माणसं आपल्याकडे पाहून नजर वळवू लागली की माणसाला जे वाटतं, त्याला सरकारी परिपत्रकाची गरज लागत नाही.

फास कसा आवळला

एका दिवसात कोणालाच हाकललं नाही, हे ध्यानात घ्या. ऑर्केस्ट्रा कर्जात होता. गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाने मदतीचा हात पुढे केला. १९३४ च्या सुरुवातीला वादकांचे भाग सरकारने विकत घेतले. ५४ जणांनी चौथ्या वर्गाचा डबा नाकारून जी मालकी मिळवली होती, ती ५२ वर्षांनी पगाराच्या हमीच्या बदल्यात गेली. वादक आता सरकारी चाकर झाले. चांगला पगार, चांगली वाद्यं, आणि पुढे महायुद्धात लष्करी सेवेतून सूट. जर्मनीची तरणी मुलं रशियाच्या बर्फात मरत असताना हे वादक व्हायोलिन वाजवत राहिले, कारण गोबेल्सच्या लेखी तेच त्यांचं युद्ध होतं.

सरकारी चाकरी आली तशी बर्टाबाईंची अडचण वाढली. दौरे त्यांच्याशिवाय होत नव्हते आणि त्या तिथे असणं मंत्रालयाला खपत नव्हतं. परदेशातले लोक विचारत होते की तुमच्याकडे ज्यूंचं काय चाललंय. गोबेल्सला दौरे हवे होते, कारण दौरा म्हणजे नव्या जर्मनीचा सुसंस्कृत चेहरा. म्हणून काही काळ बाईंना सहन केलं गेलं. सहन करणं आणि ठेवणं यातला फरक त्यांना रोज जाणवत असणार. त्यांच्या बाजूने फुर्टवेंगलरने अनेकदा अधिकाऱ्यांशी हुज्जत घातली. म्हणजे एका कर्तबगार, उच्चशिक्षित बाईचं अस्तित्व एका माणसाच्या शब्दावर टिकून होतं. त्या माणसाचं वजन घटलं की सगळं संपणार.

ते १९३४ च्या अखेरीस घटलं. मार्चमध्ये फुर्टवेंगलरने पाउल हिंडेमिथ या संगीतकाराची नवी सिम्फनी सादर केली होती. नाझींचा हिंडेमिथवर राग होता. २५ नोव्हेंबरला फुर्टवेंगलरने त्याच्या बाजूने वर्तमानपत्रात लेख लिहिला. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला आणि सरकारने त्या टाळ्या स्वतःविरुद्धचा निषेध म्हणून मोजल्या. ४ डिसेंबरला फुर्टवेंगलरने सगळ्या पदांचा राजीनामा दिला.

छत्र गेलं. बर्टाबाईंचं काम गेलं, त्यांचा पासपोर्ट काढून घेतला गेला. ज्या बाईने शेकडो वादकांचे पासपोर्ट युरोपभर सांभाळले, तिच्याच हातात स्वतःचा राहिला नाही.

१९३५ च्या वसंतात फुर्टवेंगलरने सरकारशी जुळवून घेतलं आणि एप्रिलमध्ये तो पुन्हा बर्लिनच्या व्यासपीठावर उभा राहिला. श्रोत्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. बर्टाबाई मात्र परतल्या नाहीत, परतणं शक्यच नव्हतं. गोल्डबर्ग, शुस्टर, ग्राउडान, बाक हे सगळे एकेक करून देश सोडून गेले. सप्टेंबरमध्ये न्यूरेंबर्गचे कायदे आले आणि ज्यूंचं नागरिकत्वच हिरावलं गेलं. अखेर पासपोर्ट परत मिळाल्यावर बर्टाबाई जर्मनीबाहेर पडल्या. वय चाळिशी ओलांडलेलं. सगळं आयुष्य ज्या संस्थेसाठी खर्च केलं ती मागे राहिली.

लंडन, आणि पुन्हा बर्लिन

१९३६ मध्ये लंडनला सर थॉमस बीचम यांनी त्यांना आपली सचिव म्हणून घेतलं. बीचम म्हणजे पोटाच्या गोळ्या विकून श्रीमंत झालेल्या घराण्याचा वारस, अफाट विनोदी आणि तितकाच हट्टी कंडक्टर. लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा त्याने १९३२ मध्ये स्थापन केला होता आणि कॉव्हेंट गार्डनचं ऑपेराही त्याच्या हाती होतं. बर्टाबाईंनी तिथे टेबल मांडलं आणि पुन्हा तेच काम सुरू केलं.

आता या गोष्टीतला सगळ्यांत विलक्षण भाग. त्याच वर्षी लंडन फिलहार्मोनिकला जर्मनीच्या दौऱ्याचं निमंत्रण आलं. मध्यस्थ होता रिबेनट्रॉप, त्या वेळचा लंडनमधला जर्मन राजदूत. बीचमने सांगितलं, माझी सचिव सोबत येईल. आणि ज्या सरकारने बाईंना हाकललं होतं, त्याच सरकारने त्यांच्या सुरक्षिततेची हमी दिली. १३ नोव्हेंबर १९३६ ला बर्लिनच्या कार्यक्रमाला खुद्द हिटलर हजर होता. ब्रिटिश ऑर्केस्ट्राच्या कर्मचारी म्हणून आलेल्या बर्टाबाई त्या शहरात होत्या, जिथल्या अधिकाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी त्यांचे कागद जप्त केले होते.

फौजी माणूस म्हणून मला यात एक गोष्ट स्पष्ट दिसते. वंश, रक्त, शुद्धता या सगळ्या गप्पा सोयीच्या होत्या. ब्रिटनशी मैत्री हवी होती तेव्हा त्याच बाईला सन्मानाने वागवता येत होतं. म्हणजे तिच्या देशबांधवांना जे भोगावं लागत होतं ते कुठल्याही अपरिहार्यतेतून आलं नव्हतं, ती रोज नव्याने घेतलेली निवड होती.

या दौऱ्याचीही किंमत होती. मेंडेल्सोन हा जन्माने ज्यू, म्हणून त्याची सिम्फनी कार्यक्रमातून काढावी अशी जर्मनांची विनंती होती आणि बीचमने ती मानली. लाइपझिगमध्ये मेंडेल्सोनचा पुतळा होता. ९ नोव्हेंबरच्या रात्री, हे पाहुणे येण्याच्या काही दिवस आधी, तो उखडून टाकण्यात आला. शहराचा महापौर कार्ल गोर्डेलर तेव्हा बाहेरगावी होता. त्याने पुतळा परत बसवण्याची मागणी केली, ती फेटाळली गेली आणि त्याने पद सोडलं. हाच गोर्डेलर पुढे हिटलरविरोधी कटातला प्रमुख माणूस झाला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये फासावर गेला. एका संगीतकाराच्या पुतळ्याने एका माणसाला कुठे नेलं बघा.

१९ नोव्हेंबरला लुडविग्सहाफेनला कार्यक्रम झाला. तिथल्या रासायनिक कारखान्याच्या सभागृहात चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण केलं गेलं. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाचं टेपवर झालेलं हे पहिलं मुद्रण, आणि ते आजही उपलब्ध आहे. कारखाना होता आय. जी. फार्बेन कंपनीचा. याच कंपनीने काही वर्षांनी आउशविट्झजवळ कैद्यांच्या श्रमांवर कारखाना उभारला. आणि लुडविग्सहाफेनच्या समोर, ऱ्हाईनच्या दुसऱ्या काठावर, कोणतं गाव आहे? मानहाइम. २२ ऑक्टोबर १९४० ला बाडेन आणि आसपासच्या साडेसहा हजार ज्यूंना एका दिवसात गाड्यांत भरून फ्रान्समधल्या गूर्सच्या छावणीत पाठवलं गेलं. त्यातले सुमारे दोन हजार मानहाइमचे होते. पुढे अनेकांचा शेवट आउशविट्झला झाला.

बॉम्बच्या छायेत

१९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि लंडन फिलहार्मोनिकचे पैसे आटले. तेव्हा वादकांनीच ऑर्केस्ट्रा ताब्यात घेतला आणि स्वतःची समिती नेमून चालवायला सुरुवात केली. बर्टाबाई त्यांच्याबरोबर राहिल्या. वादकांची मालकी असलेली एक संस्था त्यांनी बर्लिनमध्ये सरकारच्या घशात जाताना पाहिली होती. आता तशीच दुसरी संस्था बॉम्बच्या वर्षावात उभी राहताना त्या पाहत होत्या.

१० मे १९४१ ला दुपारी या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम क्वीन्स हॉलमध्ये झाला. वादक काही वाद्यं तिथेच ठेवून घरी गेले. त्या रात्री जर्मन विमानांच्या आगलाव्या बॉम्बने हॉल जळून गेला, वाद्यांसकट. रेडिओवरून आवाहन झालं आणि देशभरातून लोकांनी घरातली व्हायोलिनं, क्लॅरिनेटं पाठवली. ऑर्केस्ट्रा थांबला नाही. ३० जानेवारी १९४४ ला, हिटलर सत्तेवर आल्याला बरोबर ११ वर्षं होत असताना, बर्लिन फिलहार्मोनिकचं जुनं सभागृह ब्रिटिश बॉम्बने जमीनदोस्त झालं. बर्टाबाईंच्या आयुष्यातली दोन्ही सभागृहं अशी गेली.

त्याच १९४४ मध्ये त्यांच्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक लंडनला प्रसिद्ध झालं. शीर्षकात कंडक्टरची छडी आणि फौजी बूट या दोघांची जोडी आहे. १९४९ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्या लंडनमध्येच वारल्या.

हिशेब

आता फुर्टवेंगलरचं काय? १९४६ च्या डिसेंबरमध्ये त्याची नाझीमुक्ती न्यायमंडळासमोर चौकशी झाली आणि तो सुटला. त्याने अनेक ज्यूंना मदत केल्याची साक्ष लोकांनी दिली, ती खरीच होती. १९४७ च्या मेमध्ये तो बर्लिनला पुन्हा उभा राहिला.

या माणसाबद्दल मला प्रश्न येतात, म्हणून माझं मत सांगतो. आपल्या आर्मी ॲक्टमध्ये हुकूम मोडण्याच्या कलमात 'कायदेशीर हुकूम' असा शब्द आहे. त्या एका विशेषणात सैनिकाची सदसद्‌विवेकबुद्धी शाबूत ठेवलेली आहे. पण कायदाच अन्यायाचा झाला तर? तेव्हा दोन वाटा उरतात. आत राहून जमेल तेवढ्यांना वाचवणं, किंवा बाहेर पडून सांगणं की हे माझ्या नावाने चालणार नाही. फुर्टवेंगलरने पहिली वाट धरली. त्याने माणसं वाचवली हे मी मान्य करतो. पण त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाने गोबेल्सला जगापुढे मिरवायला एक झूल मिळाली, हेही खरं. बर्टाबाईंना निवडीची चैन नव्हती. त्यांची वाट दुसऱ्यांनी ठरवली. म्हणून अशा काळाचा निवाडा करताना, ज्याच्याकडे पर्याय होता त्याच्याकडून जास्त हिशेब मागावा, असं मला वाटतं.

या निर्वासनाचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. बर्टाबाईंचा छळ चालू होता त्याच १९३४ मध्ये वॉल्टर काउफमन नावाचा एक ज्यू संगीतकार युरोप सोडून मुंबईला आला. त्याने मुंबईत मेहली मेहता यांच्यासारख्या वादकांना घेऊन पाश्चात्त्य संगीताच्या मैफली सुरू केल्या आणि आकाशवाणीत काम केलं. सकाळी आकाशवाणी लावली की सुरुवातीला जी धून वाजायची, ती त्याची. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, आपल्या पिढीच्या प्रत्येक घरात दिवस त्या धुनेने उजाडला. ती एका निर्वासिताने दिली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं?

एखाद्या देशाने हाकलून दिलेली माणसं बरोबर काय घेऊन जातात, याची यादी कोणी करत नाही. बर्टाबाईंनी सामानात फारसं काही नेलं नसेल. नेली ती ओळखीची वही, तीन-चार देशांत पत्रव्यवहार करण्याची हातोटी आणि शंभर माणसं वेळेवर मुक्कामी पोहोचवण्याचा अनुभव. ते बर्लिनचं नुकसान झालं आणि लंडनचा फायदा. सोळा वर्षांच्या मुलाला हा इतिहास शिकवायचा असेल तर त्याला आकडेवारीआधी ही एक बाई सांगा. आणि १९३६ चं ते टेपवरचं मुद्रण इंटरनेटवर मिळालं तर जरूर ऐका. मोझार्टची ३९ वी सिम्फनी आहे.

पुढच्या भागात पुन्हा नकाशे घेऊन भेटू. जय हिंद.